चांद्या जिथं जिथं पाणी प्याला

समुद्राला जायचं म्हणून मी घरातून निघाले आणि हिंगोली जिल्ह्याच्या बाहेरसुद्धा पडले नाही. कॉलेजातल्या मैत्रिणी म्हणतात, एवढं एकच वाक्य लिही आणि मोकळी हो. पण त्या चार दिवसांत जे झालं ते कुणाला तरी नीट सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही, म्हणून लिहायला बसलेय.

आधी वाहनाबद्दल सांगते, कारण रस्त्यात भेटलेल्या प्रत्येकानं आधी तेच विचारलं. माझी गाडी एकचाकी आहे. सर्कशीतल्यासारखी पायडल मारायची नव्हे, बॅटरीवर चालणारी. मध्ये एक जाडजूड चाक, दोन्ही बाजूंना पाय ठेवायला फळ्या. सीट नाही, हँडल नाही. उभं राहायचं, पुढं झुकलं की ती चालते, मागं रेललं की थांबते. माझ्या नणंदेच्या मुलानं पुण्यात ती हौसेनं घेतली, दुसऱ्याच दिवशी मनगट मुरगळून घेतलं, आणि नणंदेनं हुकूम काढला की हे भूत घरात नको. मग ते भूत हिंगोलीत आमच्याकडं आलं. माझा नवरा अनिल पाण्याच्या मोटारी बांधून देतो. त्याच्या दुकानात जळक्या मोटारींच्या ढिगाऱ्याखाली ते सहा महिने पडून होतं.

मी ज्युनिअर कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये सहायक आहे. बेचाळिसाव्या वर्षी, सकाळी साडेपाचला, कॉलेजच्या मैदानावर व्हॉलीबॉलच्या खांबाला मिठी मारून मी ही गाडी शिकले. पडले किती वेळा ते विचारू नका. अनिलनं एकदाच विचारलं, "पण जायचं कुठं आहे तुला?" मी म्हटलं, "समुद्राला."

तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण. आमचे लोक, म्हणजे बंजारा, पूर्वी बैलांच्या पाठीवर धान्य लादून कोकणात उतरायचे आणि मीठ लादून परत यायचे. त्याला लदणी म्हणत. माझे वडील एसटीत कंडक्टर होते. आम्ही क्वार्टरमध्ये वाढलो, तांडा फक्त सुट्टीपुरता. वडील कोकणच्या गाडीवरून आले की त्यांच्या खाकी पँटच्या घडीत वाळू सापडायची, आणि मी ती काडेपेटीत भरून ठेवायचे. समुद्र मी आजवर पाहिलेला नाही. लग्नानंतर अठरा वर्षांत एकटी कुठं गेलेच नाही, परीक्षेच्या ड्युटीला सेनगावला गेले ते सोडून. बैलाच्या चालीनं, उभ्यानं, लदणीच्या रस्त्यानं एकदा समुद्रापर्यंत जावं, असं मनात फार होतं. इतकं, की कधीकधी लॅबमध्ये काचेची भांडी धुताना हात तसेच नळाखाली राहायचे.

वही

बेत दिवाळीच्या सुट्टीतला. वही केली. डांबरी रस्त्यावर गाडी साठ किलोमीटर जाते, कच्च्यावर पंचेचाळीस, चिखलात देवाच्या भरवशावर. पूर्ण चार्ज व्हायला पाच तास. म्हणजे रोज कुणाच्या तरी घरी, गिरणीत, नाहीतर देवळात पाच तास लाईट पाहिजे. प्रत्येक पानावर एक मुक्काम आणि शेवटच्या पानावर फक्त "समुद्र".

अडचण एकच, लदणीचा रस्ता कुणाला माहीत? जुनी माणसं गेली. राहिल्या माझ्या सासूबाई, गोमलीबाई. त्या आखाडा बाळापूरजवळच्या आमच्या तांड्यावर, माझ्या दिरांकडं राहतात. पंचाहत्तरीच्या पुढं वय, गुडघे गेलेले, जीभ मात्र शाबूत. कांचळीवर, म्हणजे चोळीवर, आरसे टाकत बसल्या की एक गाणं म्हणायच्या. त्यात चांद्या नावाचा एक बैल. चांद्या जोड पिंपळाच्या बारवेवर पाणी प्याला, कोल्हेपाण्यावर प्याला, कुरुंद्याच्या दगडी डोणीत प्याला, हट्ट्याअलीकडच्या वडाच्या तळ्यावर प्याला, पूर्णेच्या माळावरच्या फुटक्या विहिरीवर प्याला. एवढी पाच पाणी झाली की गाणं थांबायचं.

मी नकाशा पसरला. बाळापूरकडून कुरुंदा, तिथून हट्ट्याच्या अंगाला, म्हणजे सरळ मावळतीला. दोन पाण्यांमधलं अंतर पाच-सहा कोस, बैलाची एका दिवसाची चाल. हा लदणीचाच रस्ता! मी रविवारी तांड्यावर धावले. (घरात आम्ही गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली बोलतो; याडी म्हणजे आई. सासूबाईंचं बोलणं इथं मराठीत देतेय, पण त्यांचा ठसका मराठीत पुरा उतरत नाही.)

"याडी, पाचव्या पाण्याच्या पुढं काय?"

"पुढं काय असतं? पोचलं की गाणं बंद."

"समुद्रापर्यंत पोचलं की?"

त्यांनी सुईत दोरा ओवला. "तू जाऊन राहिलीस का तिकडं?"

"दिवाळीत. पण आधी ही पाच पाणी बघून येते. रस्ता आहे का, चार्जिंग मिळतं का."

त्यांनी एक आरसा टाचून पुरा केला. मग म्हणाल्या, "माझी एक अट हाय. पाचही पाण्यात हात घालायचा. नुसतं बघायचं न्हाई. हात घालायचा आन् मला फोन करायचा."

मला वाटलं, म्हातारपणाची लहर. वहीत लिहून घेतली.

पहिलं आणि दुसरं पाणी

बारावीची प्रात्यक्षिकं संपली आणि मी चार दिवस रजा टाकली. माळावर पळस फुलला होता. तांड्यावरून निघताना जाऊबाईंनी भाकरी, ठेचा आणि लसणाची चटणी फडक्यात बांधून दिली. मी हेल्मेट घातलं, गुडघ्यांना पॅड बांधले आणि अंगणात गाडीवर उभी राहिले, तशा सगळ्या बाया हसायला लागल्या. सासूबाई हसल्या नाहीत. खाटेवर बसून टक लावून बघत राहिल्या.

"मी पण अशीच हुबी होते," त्या म्हणाल्या. "बैलावर."

आमच्यात पूर्वी नवरी सासरी निघाली की तिला बैलाच्या पाठीवर उभी करायचे. ती दोन्ही हात वर करून रडत गायची. आईचा, बापाचा, अंगणाचा, तांड्याचा निरोप घ्यायची. त्याला हवेली म्हणतात. माझं लग्न हिंगोलीच्या मंगल कार्यालयात झालं. मी भाड्याच्या गाडीतून सासरी आले आणि गाणं ड्रायव्हरनं लावलं होतं. सासूबाईंची हवेली मी कधी ऐकली नव्हती. त्यांच्या माहेराबद्दल घरात बोलणंच नव्हतं. अनिलला विचारलं तर सांगायचा, "मामा लोक ऊसतोडीला कर्नाटकात गेले, तिकडचेच झाले म्हणतात." लग्नाला अठरा वर्षं झाली, पण त्या घरचं एक माणूस माझ्या पाहण्यात आलं नव्हतं.

जोड पिंपळाची बारव बाळापूरपासून फार लांब नाही. बाजाराचा दिवस होता, रस्त्यावर टेम्पो, ट्रॅक्टर, शेळ्या, कांद्याची पोती. सगळी रहदारी माझ्याकडं बघण्यात गुंतली आणि एक मोटरसायकलवाला बघता बघता वांग्यांच्या ढिगात शिरला. वांगेवाल्या बाईनं त्याच्या सात पिढ्या काढल्या, मग माझ्याकडं वळून म्हणाली, "तुमी पुढं व्हा बाई. तुमची काही चूक न्हाई, पण पुढं व्हा."

बारवेत पाणी होतं, हिरवंगार, वर प्लास्टिकच्या पिशव्या. पायऱ्या उतरून हात घातला. वरून थंड वाटलं, खाली आणखी थंड. फोन लावला.

"हाय का पाणी?"

"आहे."

"पिंपळ दोन्ही हायेत?"

"एकच राहिलाय, याडी."

"बरं," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

कोल्हेपाणी शोधायला दुपार झाली. नाल्याकाठचा तो झरा आता एका शेतकऱ्याच्या शेततळ्यात गेला आहे, काळ्या प्लास्टिकचं अस्तर आणि भोवती तारेचं कुंपण. हरभऱ्याची काढणी चालली होती. मालकानं मला हुळा खायला बसवलं. हरभऱ्याचे डहाळे काट्याकुट्यांच्या जाळात टाकायचे, आणि काळे झालेले घाटे चोळून गरम गरम तोंडात टाकायचे. हात काळे, तोंड काळं, आणि चव अशी की थांबता येत नाही.

"ह्याच्यात पेट्रोल कुठून टाकता?" मालकानं गाडीभोवती दोन फेऱ्या मारून विचारलं.

"लाईटवर चालते."

"मंग आमच्याकडं काहून आणली? हितं लाईट कुठं ऱ्हाती!"

तरी त्यानं विहिरीवरच्या पेटीतून वायर ओढून दिली. अर्धा तास चार्जिंग झालं आणि लाईट गेली. तो इतका खूश झाला, जणू पैज जिंकला.

कुरुंदा

पहिला मुक्काम शोभाकडं. आमच्या कॉलेजच्या शिपाईमामांची ही मुलगी कुरुंद्यात दिलेली आहे. घरची हळद. त्या दिवसांत कुरुंद्याला हळदीशिवाय दुसरा वास नसतो. कुठं शिजते आहे, कुठं वाळते आहे, कुठं पत्र्याच्या ड्रममध्ये घालून पॉलिश होते आहे. मी गाडी त्यांच्या शेडमध्ये चार्जिंगला लावली आणि दमून तिथंच बाजेवर आडवी झाले. ड्रम माझ्या उशाशी सुरू आहे, हे लक्षात आलं नाही. तासाभरानं उठले तर डोक्यापासून पायापर्यंत पिवळीधमक.

शोभा पोट धरून हसली. "ताई, दुसऱ्यांदा हळद लागली की तुमाला! आता दाजींना काय सांगू?"

अनिलला फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, "माझी काही हरकत नाही, पण जेवणाचा खर्च मुलीकडच्यांचा."

दगडी डोण शेडच्या मागंच निघाली. शोभाच्या सासऱ्यांच्या आजोबांच्या वेळची, ती आता हळद धुवायला वापरतात. पाणीही पिवळं. हात घातला, फोन केला. सासूबाईंनी विचारलं, "डोणीची कड एका अंगाला फुटल्याली हाय का?" मी चाचपून पाहिलं. होती. आतापर्यंत ऐकीव वाटणाऱ्या गाण्याला एकदम कड आली आणि ती माझ्या बोटांना लागली. मला तेव्हा विचारायला हवं होतं की तुम्हाला हे कसं ठाऊक. पण मी समुद्राच्या नादात होते.

जेवताना शोभा माहेराचं बोलत होती. वडील हिंगोलीला, गाडीनं तासा-दीड तासाची वाट, तरी ती पंचमीपासून गेली नव्हती.

"अगं, मग जायचं ना! बस आहे."

"असं कसं? भावानं मूळ घेऊन यायला पायजे. न्यायला कुणी आलं न्हाई तर लेकीनं आपल्या पायानं जाऊ नये. मान ऱ्हात न्हाई ताई, तिचा बी आन् भावाचा बी."

"आणि भाऊ विसरला तर?"

"तर बसायचं वाट बघत," ती हसत म्हणाली आणि मला आणखी एक भाकरी वाढली.

चौथं पाणी आणि माझं खोटं

दुसऱ्या दिवशीचा रस्ता मला सगळ्यात आवडला आणि त्यानंच मला पाडलं. कॅनॉलच्या कडेची वाट, एका बाजूला उसाचे आणि हळदीचे मळे, दुसऱ्या बाजूला वाहतं पाणी. गाडीचा आवाज होत नाही, त्यामुळं बगळे उडत नाहीत. मी पाचेक किलोमीटर कुणाशी न बोलता गेले. बेचाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी मोठ्यानं म्हटलं, "मला जायचंय!" कुणाला सांगत होते कोण जाणे.

नेमकं तिथं कुणीतरी रात्री शेताला पाणी दिलं होतं आणि ते वाटेवर आलं होतं. काळ्या मातीत चाक रुतलं. गाडी थांबली, मी नाही थांबले. उठले तेव्हा चाकाला इतका चिखल लागला होता की चाक फिरेना. बाभळीच्या काटकीनं अर्धा तास चिखल काढला, आणि त्याच बाभळीचा काटा टायरात बसला. दोन तास गाडी ढकलत, म्हणजे खरं तर कडेवर घेतल्यासारखी ओढत, मी पुढं गेले. ओझं पोत्याएवढं. लदणीत बैल काय म्हणत असतील ते कळलं.

वडाचं तळं नव्हतंच. एका म्हाताऱ्या राखणदारानं हातानं दाखवलं, "ते काय, तिथं व्हतं. कॅनॉल आला, तळं बुजवलं, वावर झालं. वड तोडले." तिथं गहू उभा होता. मी बांधावर बसले. सासूबाईंचा आवाज आठवला. मग कॅनॉलपर्यंत गेले, त्यात हात घातला आणि फोन केला.

"हाय का पाणी?"

"आहे," मी म्हटलं.

"वड?"

"आहेत."

पलीकडून एक लांब श्वास ऐकू आला. "सावली लई व्हती म्हणतात," त्या म्हणाल्या. मला स्वतःची लाज वाटली, पण खरं सांगायचा धीर झाला नाही.

हट्ट्याला ट्रॅक्टरचं पंक्चर काढणाऱ्यानं माझं चाक बघून आधी नमस्कार केला आणि मग काटा काढला. पिठाच्या गिरणीवाल्या काकूंनी चार्जिंगही दिलं आणि घरात जागाही. "एकटी बाई कुठं हिंडून राहिली" याबद्दल त्या मला तासभर रागावल्या. सकाळी निघताना मात्र हळूच विचारलं, "समुद्र पाह्यला की फोटो पाठवशील का गं?"

पाचवं पाणी

पूर्णा नदी दिसते अशा एका माळावर तांडा आहे. पंचवीस-तीस घरं, पत्र्याची आणि सिमेंटची. वेशीजवळ एक विहीर, तिच्या कठड्याचा एक अख्खा तुकडा पडलेला. विचारायची गरजच नव्हती. मी वाकून बादली सोडली, वर ओढली, बादलीत हात घातला. स्वच्छ पाणी होतं. वहीत खूण केली. इथून नदी ओलांडायची आणि पुढं समुद्र. फोन काढला तेवढ्यात मागून आवाज आला.

"कोण गाव, बाई?"

सत्तरीचा गृहस्थ, डोक्याला फेटा, हातात दावं. मी गोरमाटीत उत्तर दिलं तसा तो मोकळा झाला. कोण, कुठली, गोत कोणतं, सासर कुठलं, हे सगळं आमच्यात पाणी देण्याआधी विचारतात. मी बाळापूरकडच्या तांड्याचं नाव सांगितलं.

त्यानं विचारलं, "त्या तांड्यात कुणाची सून?"

मी सासऱ्यांचं नाव सांगितलं. त्याच्या हातातलं दावं खाली पडलं, आणि त्यानं ते उचललं नाही.

"गोमली हाय?" त्यानं विचारलं. "जित्ती हाय?"

तो थावरा. माझ्या सासूबाईंचा धाकटा भाऊ, अनिलचा मामा. ऊसतोडीला ते लोक दोन हंगाम गेले होते आणि परत आले होते. पन्नास-पंचावन्न वर्षं ते इथंच होते. मी नकाशावर बघत होते लदणीचा रस्ता आणि येऊन उभी राहिले होते सासूच्या माहेरी.

त्यांनी मला ओसरीवर बसवलं, गूळ-पाणी दिलं आणि सांगितलं ते असं. गोमली ज्या बैलावर उभी राहून सासरी निघाली तो चांद्या. लग्नात बापानं तो तिच्याबरोबर दिला. पहिल्याच पावसाळ्यात चांद्या दावं तोडून निघाला आणि वरात गेली त्या सडकेनं नव्हे, आडवाटेनं एकटा चालत पाचव्या दिवशी इथं, या विहिरीवर येऊन उभा राहिला. थावरा तेव्हा पंधरा वर्षांचा. तो आणि चुलता चांद्याला परत सोडायला निघाले. वाटेत लोक सांगत गेले, तुमचा बैल इथं पाणी प्याला, तिथं प्याला. सासरी पोचल्यावर थावरानं बहिणीला ती पाच ठिकाणं सांगितली.

"ती मला परत परत इचारायची. कुठं थांबला? पाणी कसं व्हतं? डोण कसली? मला वाटलं, बैलाचं इचारून राहिली."

पुढच्या वर्षी चांद्या पुन्हा आला. या वेळी बापानं त्याला परत पाठवलं नाही. सासरच्यांनी निरोप धाडला की लग्नात दिलेला बैल परत घेतला, आमचा अपमान झाला. इकडून कुणी माफी मागायला गेलं नाही. बोलणं तुटलं. मूळ घेऊन कुणी गेलं नाही, आणि न्यायला आल्याशिवाय ती आली नाही. चार दिवसांच्या वाटेवर बहीण-भाऊ म्हातारे झाले.

"पण बैल का ठेवून घेतला हो?" मी विचारलं. माझा आवाज चढला असावा. "एका बैलापायी?"

मामा विहिरीकडं बघत होते. "आमी बी बापाला तेच म्हणलो. चुलता तर लई भांडला. तर बाप म्हणाला, 'दोघांतलं एक तरी घरी ऱ्हाऊ द्या.' बस. पुन्हा त्या गोष्टीवर बोलला न्हाई. चांद्या मेला तवा बापानं तीन दिवस भाकर खाल्ली न्हाई."

फोन माझ्या हातातच होता. मी तो खिशात ठेवला. हे फोनवर सांगायचं नव्हतं.

परत

गाडी डिकीत टाकून मी एसटीनं तांड्यावर आले. सासूबाई खाटेवरच होत्या.

"पाचव्या पाण्याचा फोन न्हाई केलास."

"तुम्हाला ठाऊक होतं मी कुठं चाललेय," मी म्हटलं.

"समुद्र तू म्हणालीस. मी कुठं म्हणाले?"

मी त्यांच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. भाऊ जिवंत आहे, विहीर आहे, कठडा अजून फुटकाच आहे. मग त्यांच्या वडिलांचं वाक्य सांगितलं. त्यांनी सुई कांचळीत टोचून ठेवली.

"असं म्हणाला बाप?"

"थावरा मामांनी सांगितलं."

"मला वाटायचं," त्या म्हणाल्या, "बैलाला ठेवून घेतलं. मला न्हाई घेतलं." मग त्या रडायला लागल्या. मीही रडले. जाऊबाई दारातून बघत होत्या, त्यांनी चुलीवरचं दूध उतू जाऊ दिलं. मग मी वडाच्या तळ्याचंही खरं सांगून टाकलं, तिथं गहू आहे, मी कॅनॉलमध्ये हात घातला होता.

त्यांनी पदरानं डोळे पुसले. "चालतं. तहान लागल्यावर बैल काय तळं-कॅनॉल बघतो व्हय?"

मूळ

होळीच्या आठ दिवस आधी थावरा मामा एसटीतून उतरले. हातात पिशवी, पिशवीत साडी-खण आणि मुरमुऱ्याचे लाडू. बहिणीला न्यायला रीतसर मूळ घेऊन भाऊ आला होता. दोघं अंगणात समोरासमोर उभी राहिली आणि बहीण पहिलं वाक्य काय बोलली? "किती म्हातारा झालास रे!"

दुसऱ्या दिवशी अनिलनं जीप सांगितली. ड्रायव्हर म्हणाला, हायवेनं दोन तासांत सोडतो. सासूबाई म्हणाल्या, "थेट जायचं न्हाई. पाच ठिकाणी थांबायचं. बैल आला तसं." म्हणून पुढं मी एकचाकीवर, मागं जीप, आणि मधूनमधून ड्रायव्हरचे उसासे. दर पाण्यावर त्यांना दोघांनी धरून उतरवलं. त्यांनी हात घातला आणि परत जीपमध्ये बसल्या. बारवेत पायऱ्या उतरता येईनात म्हणून मामांनी फेट्याचं टोक भिजवून आणलं. कुरुंद्याला शोभानं त्यांची ओटी भरली. डोणीची फुटकी कड त्यांनी स्वतः चाचपून पाहिली आणि भावाकडं बघून मान हलवली, की हो, तू खरं सांगितलं होतंस. कॅनॉलवर बहीण-भावाचं भांडण झालं, तळं अलीकडं होतं की पलीकडं. दोघांनी ती वाट एकत्र कधी पाहिलेलीच नव्हती.

मधला मुक्काम हट्ट्याला काकूंकडं करून दुसऱ्या सकाळी आम्ही माळावर पोचलो. फुटक्या विहिरीशी मामांच्या मुलांनी शेजाऱ्यांचा एक पांढरा बैल आणून उभा केला होता, शिंगांना कवड्यांच्या माळा बांधून. सासूबाई त्याच्याजवळ गेल्या आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. बाया जमल्या. कुणीतरी म्हणालं, "हवेली म्हण ना, गोमली."

"ती जाताना म्हणायची असती," त्या म्हणाल्या. "मी आले."

मी वाट बघत होते की निदान चांद्याचं गाणं तरी म्हणतील. त्यांनी तेही म्हटलं नाही. मला एवढंच आठवत होतं की त्यांनीच सांगितलं होतं, पोचलं की गाणं बंद. त्या दिवसापासून ते गाणं मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं नाही.

हट्ट्याला रात्री लाईट गेल्यामुळं माझ्या गाडीत आता दोन-तीन किलोमीटरपुरतीच बॅटरी उरली होती. मामांनी ओसरीवरचा बोर्ड दाखवला. प्लग लावून मी विहिरीच्या कठड्यावर बसले. खाली पूर्णा, पलीकडं मावळतीला जाणारा रस्ता. सासूबाई काठी टेकत आल्या आणि माझ्याशेजारी बसल्या.

"दिवाळीत जाणार न्हवं?"

"जाऊ?"

"जा की." त्यांनी नदीपलीकडं बोट दाखवलं. "हितून पुढचं मला ठावं न्हाई. तिकडं चांद्या बी गेला न्हाई. तू जा, दर पाण्यात हात घाल, आन् फोन कर."